दुहाती खड्ग-गदा कुणी उचलत नाही, डॅमेज वाढवला तर बॉस चुटकीसरशी मरतो. तोल साधायचा कसा?

रामशेज_बुरूज
नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकमधले चौघं गोडो 4 या गेम इंजिनवर थर्ड पर्सन फँटसी आरपीजी (पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम) करतोय. एक टप्पा रामशेजसारख्या डोंगरी किल्ल्यावर, दुसरा पांडवलेण्यांसारख्या खडकात कोरलेल्या कोठड्यांत. गाडं अडलंय ते दुहाती शस्त्रांपाशी. कॉलेज रोडच्या मुलांना चाचणीसाठी बिल्ड दिला की सगळे तलवार-ढाल धरतात. खड्ग एकदोनदा फिरवून बघतात आणि ठेवून देतात. दहाव्या लेव्हलनंतर तर ते कुणाच्याच हातात दिसत नाही.

आकडे देतो, सगळे 60 एफपीएसच्या, म्हणजे सेकंदाला 60 फ्रेमच्या हिशेबानं. तलवारीचा डॅमेज 40, अख्खा वार 48 फ्रेमचा, 15व्या फ्रेमला लागतो. खड्गाचा 90, वार 96 फ्रेमचा, लागतो 40व्या फ्रेमला. गदेचा 110, वार 120 फ्रेमचा, लागतो 52व्या फ्रेमला. म्हणजे सेकंदाला तलवार 50, खड्ग 56.25, गदा 55. कागदावर दुहाती शस्त्रं सरसच आहेत. शत्रूंमध्ये धनुर्धारी 80 एचपी (म्हणजे जीव), शिपाई 120 एचपी, चिलखती 200 एचपी. चिलखती प्रत्येक घावातून 15 वजा करतो. बॉस 2400 एचपीचा. त्याच्या तीन हल्ल्यांनंतर अनुक्रमे 45, 60 आणि 125 फ्रेम मोकळे मिळतात. घाव लागल्यावर तलवारवाल्याला 13 फ्रेमनंतर उडी मारता येते, खड्गवाल्याला 22 नंतर.

खड्गाचा डॅमेज 130 करून पाहिला. शिपाई एका घावात आडवे आणि बॉस अर्ध्या मिनिटात खलास. 90 ला कुणी हात लावत नाही, 130 ला दुसरं काही वापरत नाही. मधला आकडा शोधायचा, की दुखणं दुसरीकडेच आहे?

सिडको_हिशेब
मधला आकडा शोधू नका. सेकंदाचा डॅमेज हा मापदंडच इथे फसवा आहे. मोजायचं ते हे की कोणता शत्रू किती घावांत पडतो आणि त्याला किती फ्रेम लागतात.

शिपाई घ्या. 120 एचपीला तलवारीचे तीन घाव, तिसरा लागतो 15 + 48 + 48 म्हणजे 111व्या फ्रेमला, 1.85 सेकंदांत. खड्गाचे दोन घाव, दुसरा 136व्या फ्रेमला, 2.27 सेकंदांत. खड्गानं 180 डॅमेज केला, त्यातला 60 मेलेल्या शिपायावर वाया गेला. म्हणून सेकंदाच्या हिशेबात पुढे असलेलं शस्त्र हातात घेतल्यावर मागे पडतं. आता 130 करा. एकच घाव, 40वी फ्रेम, 0.67 सेकंद. 90 ते 119 पर्यंत शिपायाच्या बाबतीत काहीच बदलत नाही आणि 120 ला सगळं एकदम उलटतं. जिना आहे तो, उतार नाही. मंद शस्त्राच्या पायऱ्या उंच असतात, म्हणून पाच-दहाच्या फरकानं खेळ बदलतो.

गदेचं तर नुसतं नशीब खोटं आहे. चिलखत्यावर 110 चे 95 होतात, दोन घावांत 190. बिचारा 10 एचपीवर जिवंत राहतो आणि तिसऱ्या घावासाठी आणखी 120 फ्रेम थांबावं लागतं. एकूण 292 फ्रेम, 4.87 सेकंद. खड्ग हेच काम 232 फ्रेममध्ये करतं, मग चिलखत फोडायला गदा घेणार कोण? ती 115 करा. दोन घावांत बरोबर 200, वेळ 172 फ्रेम, 2.87 सेकंद. पण 120 करू नका, कारण मग साधा शिपाईही एका घावात जातो आणि गदा सगळ्यांवरच भारी ठरते. 115 आणि 120 मध्ये अंतर पाचाचंच, पण खेळात ती दोन वेगळी शस्त्रं आहेत. कठीण पातळीवर शत्रूंचे एचपी सरसकट 10 टक्के वाढवत असाल तर हे सगळं पुन्हा मोजा. चिलखती 220 झाला की गदेचे घाव परत तीन होतात.

आता बॉस. तुम्ही दिलेल्या मोकळ्या फ्रेममध्येच खरं उत्तर आहे. खेळाडूला नुसता घाव घालून भागत नाही, पुढचा हल्ला यायच्या आत सुटायलाही हवं. तलवारवाला 15 ला मारून 28 ला मोकळा. दुसरा घाव 63 ला, सुटका 76 ला. तिसरा 111 ला, सुटका 124 ला. खड्गवाला 40 ला मारतो आणि 62 ला मोकळा होतो. दुसरा घाव 136 ला, सुटका 158 ला. हे तुमच्या आकड्यांवर बसवा. 45 फ्रेममध्ये तलवारीला 40, खड्गाला शून्य. 60 मध्ये तलवारीला 40, खड्गाला पुन्हा शून्य, कारण दोन फ्रेम कमी पडतात. 125 मध्ये तलवारीला 120, खड्गाला 90. एका फेरीत तलवारीचे 200 झाले आणि खड्गाचे 90. तुमचा 56.25 विरुद्ध 50 हा हिशेब फक्त जागेवर गप्प उभ्या राहणाऱ्या पुतळ्यापुढे खरा आहे.

60 चे 66 करा. बस्स, सहा फ्रेम, एक दशांश सेकंद. तलवारीला त्यात दुसरा घाव बसत नाही, म्हणून ती 200 वरच राहते आणि खड्ग 180 वर येतं. डॅमेजला हात न लावता दुप्पट! एक सेकंद हा गोल आकडा सुचतो म्हणून 60 ठेवला जातो, पण मोकळ्या फ्रेम ठरवताना प्रत्येक शस्त्राची सुटका समोर लिहून ठेवायला हवी.

एक विचारतो. दहाव्या लेव्हलनंतर खड्ग पार नाहीसं होतं म्हणालात. तेव्हा खेळाडूला नवीन काय मिळतं? शस्त्रात बसवायचं काही असेल तर ते घावामागे ठरलेला आकडा देतं का?

रामशेज_बुरूज
हो, अग्निमणी मिळतात. प्रत्येक मणी दर घावाला 12 डॅमेज वाढवतो. दहाव्या लेव्हलपर्यंत दोन मणी होतात.

सिडको_हिशेब
मग तिथेच पाणी मुरतंय. दोन मण्यांनी तलवार 64 ची झाली, सेकंदाला 80. खड्ग 114 चं, सेकंदाला 71.25. गदा 134 ची, सेकंदाला 67. दर घावाला ठरलेली वाढ दिली की जो जास्त वेळा मारतो त्यालाच ती जास्त मिळते. चिलखताची वजाबाकी याच्या बरोबर उलट वागते. चिलखत्यावर तलवारीचे 40 चे 25 होतात, सेकंदाला 31.25. खड्गाचे 75, सेकंदाला 46.9. साडेबारा टक्क्यांची आघाडी तिथे थेट पन्नास टक्क्यांची होते. म्हणजे एकाच खेळात ठरलेली बेरीज खड्गाला मारते आणि ठरलेली वजाबाकी त्याला तारते. वजाबाकी ठेवा, ती दुहाती शस्त्राची हक्काची जागा आहे. बेरीज मात्र बदला.

मण्याचा डॅमेज सेकंदावर लावा: सेकंदाला 15, गुणिले त्या शस्त्राच्या वाराचा काळ. तलवारीला 12 च राहतो, खड्गाला 24, गदेला 30. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये हेच तत्त्व होतं. 14 अटॅक पॉवरला सेकंदाला 1 डॅमेज, आणि तो शस्त्राच्या वेगानं गुणायचा. मात्र त्याची दुसरी बाजूही तिथे दिसली. एका झटक्यात बसणाऱ्या खास वारांनाही तोच गुणाकार लागायचा, त्यामुळे सगळ्यात मंद शस्त्र आपोआप सगळ्यात चांगलं ठरायचं. शेवटी खास वारांसाठी वेग ठरवून दिला: दुहातीला 3.3, एकहातीला 2.4, खंजिराला 1.7, शस्त्राचा स्वतःचा वेग काहीही असो. तुमच्याकडे खास वार असतील तर पहिल्यापासूनच असं करा. विष चढण्याची किंवा रक्तस्राव होण्याची शक्यताही दर घावाला सारखी ठेवू नका, तीही वाराच्या काळाप्रमाणे वाढवा.

आणि मण्यांची खाच. तलवारवाल्याला तलवारीत एक आणि ढालीत एक मिळत असेल तर दुहातीत दोन खाचा हव्यातच. हे अनेकदा राहून जातं.

पंचवटी_पिक्सेल
आकड्यांचं वर आलंच आहे, मी घाव लागतो की नाही ते बघायला सांगते. घाव ओळखायला पात्याला एरिया3डी (आपल्या जागेत काय शिरलं ते ओळखणारा गोडोचा भाग) लावलाय का? तसं असेल तर खड्गाचे काही वार शत्रूच्या अंगातून आरपार जात असतील आणि डॅमेज शून्य लागत असेल. खेळाडूला ते कळत नाही, तो एवढंच म्हणतो की शस्त्रात दम नाही.

हिशेब सोपा आहे. खड्गाची पोच 2.2 मीटर आणि वार 160 अंशांचा, घावाच्या 6 फ्रेममध्ये पूर्ण, असं धरलं तर टोक सुमारे 6.1 मीटर फिरतं. एका फ्रेमला एक मीटरच्या थोडं वर. शिपायाचा कॅप्सूल (टक्कर ओळखायला त्याच्याभोवती धरलेला आकार) 0.7 मीटर रुंद असेल तर एका फ्रेमला टोक त्याच्या अलीकडे असतं आणि पुढच्या फ्रेमला पलीकडे. मध्ये शिपाई होता हे इंजिनला कळतच नाही. तलवारीची पोच 1.4 मीटर, वार 110 अंशांचा, 5 फ्रेमचा. टोक फ्रेमला अर्ध्या मीटरच्या आसपास सरकतं, म्हणून ती कधी चुकत नाही. खड्गसुद्धा जवळून लागतं, चुकतं ते टोकाशी. म्हणजे लांब पोच हा ज्याचा फायदा, नेमका तोच हातचा जातो.

पात्यावर मुठीपासून टोकापर्यंत पाच बिंदू ठेवा. दर फिजिक्स फ्रेमला प्रत्येक बिंदूच्या आधीच्या जागेपासून आताच्या जागेपर्यंत रे (वाटेत काही आडवं येतं का ते तपासणारी रेषा) टाका. फिजिक्स मुळात सेकंदाला 60 वेळा चालतं, तेवढं पुरतं. ॲनिमेशन ट्रीचा (पात्राच्या हालचाली चालवणाऱ्या भागाचा) कॉलबॅक मोड फिजिक्सवर ठेवा, नाहीतर 30 एफपीएसवर चालणाऱ्या जुन्या लॅपटॉपवर पातं दुप्पट उड्या मारेल. एका वारात कुणाला घाव लागला त्याची यादी ठेवा आणि वार संपला की ती पुसा. यादी नसेल तर पाच बिंदूंचे पाच घाव एकाच शिपायाला लागतील. चाचणीच्या वेळी हे रे पडद्यावर लाल रेषांनी दाखवा, दहा मिनिटांत सगळं उघडं पडतं.

दुसरं म्हणजे वळणं. 40 फ्रेम उगारताना शत्रू बाजूला सरकला तर खेळाडू त्याच्याकडे वळतो का? उगारताना 30व्या फ्रेमपर्यंत सेकंदाला 180 अंशांनी वळू द्या, त्यानंतर दिशा पक्की करा. शेवटपर्यंत वळू दिलं तर चुकणं अशक्य होतं, सुरुवातीलाच पक्की केली तर वार वाऱ्यावर जातो.

हातात जडपणा जाणवायला उगारण्याचे 40 फ्रेम सारखे वाटू नका. पहिल्या सहा-सात फ्रेममध्ये खड्ग खांद्यावर पोचू दे, मग तिथे ताण धरून ठेवा. बटण दाबताच काहीतरी हललेलं दिसलं की तोच वेळ कमी भासतो. घाव लागला की दोन्ही शरीरं थिजवा, तलवारीला 4 फ्रेम, खड्गाला 8, गदेला 10. याहून जास्त केलं तर गर्दीत खेळ अडकल्यासारखा वाटतो. म्हणून एका वारात अनेकांना लागलं तरी थिजणं एकदाच. आवाजासाठी नुसता धातूचा खणखणाट वापरू नका. खाली ढोलाच्या थापीचा खर्ज घाला, टिपरूची बाजू नको. नाशकात चांगला ढोल आणि तो वाजवणारं पथक शोधायला कुठे लांब जावं लागत नाही, एका दुपारच्या रेकॉर्डिंगमध्ये भरपूर नमुने मिळतील. थाप आणि घाव एकाच फ्रेमला यायला हवेत, दोन-तीन फ्रेम उशीर झाला तरी शस्त्र पोकळ वाटतं.

आखाडा_गोदाकाठ
मला मुळातच हरकत आहे ती दुहाती म्हणजे मंद या समजुतीवर. दोन्ही हातांनी धरायच्या युरोपी लाँगस्वोर्डचं वजन साधारण सव्वा ते दीड किलो भरतं. माणसाच्या उंचीची मोठी दुहाती तलवारही लढाईत वापरायची असेल तर दोन ते साडेतीन किलोंची. दहा किलोंची तलवार लढाईसाठी कुणी बनवत नव्हतं. शिवाय दोन हातांनी तरफ मिळते, एक हात ढकलतो आणि दुसरा ओढतो. त्यामुळे टोक झपकन फिरतं.

जड जातं ते थांबलेलं शस्त्र हलवणं आणि हलत्याची दिशा उलटवणं. शिवजयंतीच्या मिरवणुकीत लाठी फिरवणाऱ्यांकडे नीट पाहा. लाठी एकदा फिरली की थांबत नाही, एक फेरा संपतो त्या जागी दुसरा सुरू झालेला असतो आणि पाय त्या फेऱ्याबरोबर पडतात. तुमच्या खड्गाचा प्रत्येक वार मात्र शून्यापासून सुरू होतो. पहिला वार 40 लाच लागू दे, पण त्याला जोडून मारलेला दुसरा 30 ला आणि तिसरा 28 ला लागू दे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वाराचा एकूण काळ 96 वरून 80 वर आणा. मधे थांबला किंवा उडी मारली की परत पहिल्यापासून. यातून शस्त्र जडही राहतं आणि जिवंतही वाटतं.

एल्डन रिंगमध्येही असंच झालं. फेब्रुवारी 2022 मध्ये गेम आला आणि एप्रिलच्या 1.04 अपडेटमध्ये अजस्र शस्त्रांचे दुहाती वार वेगवान केले, वारानंतर सावरण्याचा वेळही कमी केला. मंदपणा कमी केल्याशिवाय ती शस्त्रं हातात बसत नव्हती.

रामशेज_बुरूज
घाव एरिया3डीनंच ओळखतोय, ते आधी बदलतो. बाकीचंही बसवून बघतो. अजून तीन प्रश्न. साखळीचे वार घेतले तर डॅमेज कमी करावा लागेल ना, किती? खड्गवाल्याला ढाल नाही, बॉसच्या 45 फ्रेमच्या मोकळ्या वेळेत त्यानं नुसतं बघत बसायचं का? आणि लेण्यांच्या कोठड्यांत खड्ग भिंतींना अडकतं, तिथे काय करावं?

पंचवटी_पिक्सेल
कोठड्यांचं आधी सांगते. भिंतीला आपटून वार मोडणं खरं वाटतं, पण त्या टप्प्यात खेळाडू दुहाती शस्त्र पेटीत टाकेल आणि परत काढणार नाही. वार सुरू होतानाच दोन्ही बाजूंना 1.6 मीटर मोकळं आहे का ते शेपकास्टनं (रेषेऐवजी अख्खा आकार पुढे सरकवून टक्कर शोधण्यानं) तपासा. नसेल तर आडव्याऐवजी खुपसण्याचा वार आपोआप निवडा. डोक्यावरून मारण्याचा नको, कोठड्यांची छतं बुटकी आहेत. खुपसताना डॅमेज तेवढाच ठेवा, पण घाव एकालाच लागू दे. बाहेर मोकळ्यावर आडव्या वारात पहिल्याला पूर्ण, दुसऱ्याला 75 टक्के, तिसऱ्याला 50 टक्के द्या. मग किल्ल्याच्या माचीवर खड्ग आणि कोठडीत तलवार अशी निवड खेळाडूच करू लागेल, जबरदस्ती न होता.

सिडको_हिशेब
45 फ्रेमच्या वेळेसाठी खड्गवाल्याला वार न मोडण्याची सोय द्या. 22व्या फ्रेमपासून 46व्यापर्यंत त्याला फटका बसला तरी वार चालू राहील, डॅमेज मात्र पूर्ण बसेल. 45 मध्ये त्याचा घाव 40 ला लागून जातो आणि बदल्यात बॉसचा फटका तो अंगावर घेतो. घ्यायचा की नाही हे त्याच्या उरलेल्या एचपीवर त्यानं ठरवावं. पहिल्या फ्रेमपासून ही सोय देऊ नका, नाहीतर बटण बडवत राहणं हाच डाव होतो. 22 च्या आधी फटका बसला तर वार मोडलाच पाहिजे.

दम (स्टॅमिना) 100, खड्गाच्या वाराला 25, उडीला 20 धरा. तीन वारांनंतर 25 उरतो, म्हणजे एक उडी. चौथा वार घातला की सुटायला दम नाही. साखळी बरोबर तीन वारांची असल्यानं हा हिशेब खेळाडूच्या हातात लवकर बसतो. दम वार सुरू होतानाच कापा, घाव लागल्यावर नको. वार हुकला तरी त्याची किंमत पडायला हवी.

आता साखळीचा डॅमेज. 96, 80, 80 मिळून 256 फ्रेम, 4.27 सेकंद. 90 च ठेवला तर सेकंदाला 63 च्या पुढे जातो, तलवारीपेक्षा सव्वापट. ढाल नाही म्हणून थोडी आघाडी हवीच, पण एवढी नको. 84 करा, सेकंदाला 59 येतो. यात शत्रूंच्या पायऱ्या एकही हलत नाहीत. धनुर्धारी 80 चा, तो पूर्वीसारखाच एका घावात पडतो. तलवारीला त्याला दोन लागतात, त्यामुळे किल्ल्याच्या तटावर खड्ग आपोआप उपयोगी पडेल. शिपाई पूर्वीसारखाच दोन घावांत, पण आता 126व्या फ्रेमला. चिलखत्यावर 69 लागतात, तीन घावांत 207, तोही पूर्वीसारखाच. बॉसच्या फेरीत 45 चा धोका पत्करला तर 252, नाही पत्करला तर 168, समोर तलवारीचे 200. धाडस करणाऱ्याला जास्त, जपून खेळणाऱ्याला कमी, हे मला पटतं.

डॅमेज कमी-जास्त होण्यासाठी यादृच्छिक फरक ठेवला असेल तर तो दुहातीत अगदी थोडा ठेवा. तलवारीचे घाव पुष्कळ असतात, सरासरी निघते. खड्गाचा एकच घाव कमी पडला तर अख्खे 80 फ्रेम वाया. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्येही दुहाती तलवारीला दोन सहा-बाजूंचे फासे आहेत आणि मोठ्या कुऱ्हाडीला एक बारा-बाजूंचा. सरासरी 7 आणि 6.5, फारसा फरक नाही. पण सगळ्यात कमी आकडा पडण्याची शक्यता तलवारीत 36 त एक आणि कुऱ्हाडीत 12 त एक. तुमच्या 84 ला वर-खाली 2 एवढाच फरक ठेवा. 82 ला चिलखत्यावर 67 लागतात, तीन घावांत 201. 81 झाला की 66, तीन घावांत 198, आणि तो दोन एचपीवर उभा राहतो.